जित्या माणसाचं रडणं

त्या सिनेमात माझा चेहरा साडेचार सेकंद दिसतो. पूर्वी हे मला इतकं नक्की सांगता आलं नसतं. पण आता तो प्रसंग कुणी ना कुणी मोबाइलवर पाठवत असतं, आणि बोटाने थांबवून, मागे नेऊन मोजता येतं. मी मोजलंय. चित्राच्या मधोमध माझी आई आहे, पांढऱ्या चादरीवर ओणवी झालेली. तिच्या डाव्या खांद्यामागे वीस वर्षांचा एक मुलगा तोंडावर हात घेऊन उभा आहे, तो मी. खाली लोकांनी लिहिलेलं असतं, काय अभिनय आहे, ही बाई कोण, हिने पुढे कामं का केली नाहीत. त्या बाईने अभिनय केलाच नव्हता. हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतली बहुतेक माणसं आता गेली. म्हणून लिहायला बसलो आहे. सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गिरणी कामगाराचा मुलगा, अंगावर एकच पांढरा शर्ट, डोळ्यांत वर जायची घाई. आधी लहानसहान धंदे, मग टोळी, मग पिस्तूल, आणि शेवटी आपल्याच चाळीच्या अंगणात पडलेलं त्याचं प्रेत, अशी ती गोष्ट. आता लोक त्याला जुना, खरा मुंबईचा सिनेमा म्हणतात. त्यातलं अंगण आमचं होतं.

लालबागला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खोलीची खिडकी मसाल्याच्या गल्लीकडे उघडायची आणि दार गॅलरीत. सकाळी नऊ वाजले की खाली मसाला कुटायचा डंका सुरू व्हायचा. लोखंडी मुसळांचा तो ठोका जमिनीतून वर चढून आमच्या भांड्यांच्या फळीपर्यंत यायचा, पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. फाल्गुन-चैत्रात सगळ्या मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला कुटून घ्यायला यायच्या, तेव्हा आमच्या चाळीत शिंक आली नाही असा माणूस नसायचा. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आम्ही मात्र खुशाल जेवत असायचो. आई त्या गल्लीतल्या एका दुकानात मिरच्यांची देठं काढायला आणि धणे भाजायला जायची. घरी आली की हात खोबरेल तेलाने चोळायची, मग ताकाने धुवायची, तरी रात्री तिने कपाळावर हात ठेवला की कपाळ चुरचुरायचं. लहानपणी ताप आला की मी तिला म्हणायचो, तुझा हात नको, दादाचा ठेव.

दादा म्हणजे दिलीप, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमचे बाबा गिरणीत सूतखात्यात होते. कापसाची धूळ छातीत बसून ते खोकायला लागले तेव्हा दादा नुकताच मॅट्रिक झाला होता. त्याला यंत्रांचं वेड. गोदीत शिकाऊ कामगार घेतात त्याची परीक्षा तो देऊन आला होता, आणि पेपर उत्तम गेलाय असं सगळ्यांना सांगत होता. निकालाचं पत्र पोस्टाने यायचं होतं. पोस्टमन दुपारी यायचा, त्याच्या आधीच दादा खालच्या पायरीवर जाऊन बसायचा. मी नऊ वर्षांचा होतो, त्याच्या शेजारी बसून गोट्या खेळायचो. दोन महिने असे गेले. पत्र आलं नाही. तोवर बाबांना कामावर जाणं अशक्य झालं. तेव्हा गिरणीत अशी रीत होती की बाप आजारपणाने सुटला तर त्याच्या जागी मुलाला घेत. पण तो लगेच उभा राहायला हवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्या-पुतण्याला जायची. दादा बाबांचा डबा घेऊन बाबांच्या जागी गेला. पुढे बाबा वारले. मग संप झाला, आणि ज्या गिरणीसाठी हे सगळं केलं ती परत दादासाठी उघडली नाही. त्याने टेम्पो चालवायला घेतला. वाशीच्या मार्केटातून मिरच्यांची पोती आणून मसाल्याच्या दुकानांत टाकायची. माझी कॉलेजची पुस्तकं त्या पोत्यांवर आली.

आता आईच्या रडण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या मालवणी माणसांत कुणी गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. प्रेताजवळ बसायचं, त्याला नावाने हाक मारायची, त्याने केलेलं, सोसलेलं सगळं सुरात सांगायचं. आणि शेवटी, त्या माणसाच्या बाबतीत आपल्या हातून काही वावगं झालं असेल तर तेही त्याच्या कानाशी बोलून टाकायचं. न बोलता राहिलं तर त्याचा जीव अडकतो आणि आपलाही, असं आई म्हणायची. तिच्याइतकं हे कुणालाच जमत नसे. चाळीत मयत झाली आणि घरच्या बाईला रडूच फुटेना असं झालं, की लोक वर येऊन आईला बोलवायचे. ती जायची, त्या बाईच्या पाठीवर हात ठेवायची, पहिला सूर काढायची, आणि मग सगळं घर मोकळं व्हायचं. यात तिचा एकच नियम होता. जित्या माणसाच्या नावाने रडायचं नाही. शाळेच्या नाटकात मी एकदा मेलेला राजपुत्र झालो होतो, तेव्हा ती अर्ध्यातून उठून बाहेर जाऊन उभी राहिली होती.

सिनेमावाले आले तेव्हा मी कॉलेजातल्या दोन एकांकिकांची बक्षिसं खिशात घेऊन हिंडत होतो. आपण नट होणार यात मला शंका नव्हती, इतरांना होती. त्यांना खरी चाळ, खरी माणसं हवी होती. मी पहिल्याच दिवशी असिस्टंट डायरेक्टरला गाठलं. त्याचं नाव रमण, काटकुळा, सतत घड्याळ बघणारा. त्याने मला हिरोच्या दोस्ताचं काम दिलं. वाक्यं दोन होती. एक, "तेरी माँ बुला रही है." दुसरं, "मत जा ना, यार." ती मी आंघोळीला, जेवताना, जिन्यात, सगळीकडे म्हणत असे. दादाने टेम्पोच्या काचेवर आतून खडूने लिहिलं होतं, 'हिरोचा भाऊ'. वाशीच्या हमालांना तो वाकून सलाम करायला लावायचा.

शेवटी हिरोच्या प्रेताचा प्रसंग राहिला. रमणने भाड्याने आणलेल्या बायका रडत होत्या ते डायरेक्टरला पसंत पडेना. तो गॅलरीत डोकं धरून बसला. आमच्या शेजारच्या टिवळेकरकाकी तिथे उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "ह्या काय रडणा? शिंका कशे येतत तसा. रडणारी बाई व्हयी तर आमच्या पक्याच्या आवशीक आणा." पक्या म्हणजे मी. रमणला कुणीतरी ते हिंदीत सांगितलं, आणि डायरेक्टरने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मला जो आनंद झाला तो आज आठवला तरी लाज वाटते.

मी आईला विचारलं. ती बांगडे साफ करत होती.

"नाय."

"आई, फक्त पाच मिनिटं बसायचंय. तो नट आहे, झोपून राहणार."

"जितो आसा मां तो?"

"हो."

"मगे? जित्या माणसाक कसा रडू? तेका आवस नाय? ती बघित तर काय म्हणात?"

"अगं, खोटं असतं ते सगळं."

"तुमचा खोटा असात. माका खोटा रडूक येणा नाय." तिने बांगड्याचं डोकं कापून बाजूला केलं आणि विषय संपवला.

रमणने घड्याळ बघितलं. "देख, कल आखरी दिन है. माँ बैठेगी तो तू पीछे खड़ा रहेगा, उसके कंधे के पास, फ्रेम में. नहीं तो हम ये सीन स्टुडिओ में करेंगे. फिर तू भी नहीं." तो निघून गेला. त्याने मला काही करायला सांगितलं नव्हतं. जे केलं ते मी सुचवलं. मी त्याच्या मागे धावत गेलो आणि म्हणालो, ती तीन वाजता दुकानातून येते. गाड्या मोठ्या रस्त्यावर लावा. कॅमेरा तळमजल्याच्या खोलीत खिडकीमागे ठेवा. प्रेताचं तोंड झाकलेलं राहू द्या. तिला कुणी काही सांगू नका. रमणने विचारलं, "तू क्या बोलेगा उसको?" मी म्हटलं, मेरे पे छोड़ो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुकानात निघाली तेव्हा मी तिला म्हणालो, "शूटिंगवाले कालच गेले गं. झालं त्यांचं." ती म्हणाली, "बरा झाला, अंगण झाडूक गावात." झाडायला मिळेल, याचंच तिला बरं वाटलं. आणि चाळीतल्या बायकांना मी सांगितलं, आई तयार झाली. टिवळेकरकाकी खूश झाल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या. दादा पहाटेच वाशीला गेला होता.

तीनला पाचेक मिनिटं होती. अंगणात चादरीखाली तो नट पडला होता, कडेने बायका. मी दारातून आत येणाऱ्या बोळाच्या तोंडाशी उभा होतो. आई आली. पिशवी हातात, पदर नाकाशी, डोळे मिरचीने लाल. तिने बायका बघितल्या, चादर बघितली आणि थबकली. "कोण गेला रे?" तिने मला विचारलं. आवाजात काळजी होती, घाबरणं नव्हतं. अशा वेळी पुढे जायची तिला सवय होती. मी एवढंच म्हणालो, "आई, दादा… टेम्पो…" आणि तोंडावर हात घेतला. वाक्य मी पूर्ण केलं नाही. आपण खोटं असं बोललोच नाही, अशी स्वतःची समजूत मी पुढे कितीतरी वर्षं घालत होतो.

पिशवी खाली पडल्याचं मला आठवत नाही, पण सिनेमात ती पडलेली दिसते, त्यातून दोन कांदे घरंगळत येतात. आई चालली नाही, धावलीही नाही. ती एकदम त्या चादरीजवळ होती. तिने चादरीवरून हात फिरवला, तोंड उघडायला हात नेला आणि मागे घेतला. तोंड बघायचं तिला धाडस झालं नाही, म्हणूनच माझा बेत पार पडला. मग तिने सूर काढला. मी जन्मापासून तो सूर ऐकत होतो, पण दुसऱ्यांच्या माणसांसाठी. "दिल्या रे… माझ्या सोन्या… माका आधी जावचा होता रे…" टिवळेकरकाकींनी दिल्या हे नाव ऐकलं आणि त्यांचं रडं जागच्या जागी थांबलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी आईच्या खांद्यामागे येऊन उभा होतो, त्यांच्याकडे बघितलं नाही. माझं लक्ष खिडकीकडे होतं, माझा चेहरा नीट येतोय का याच्याकडे.

आई त्याचं लहानपण बोलली. पोत्यांनी त्याच्या खांद्याला पडलेले घट्टे बोलली. आणि मग ती आणखी खाली वाकली, जिथे कान असेल तिथे तोंड नेलं, आणि सूर तसाच ठेवून म्हणाली, "तुका मी फसवलंय रे झिला… तुझो कागद इल्लो रे गोदीचो… तुका घेतल्यानी होता रे… तो मी शेगडीत घातलंय… तुझ्या बापाशीची जागा जातली म्हणान घातलंय… तू पायरीर बसलेलस रे, मी वरसून बघी होतंय… माका माफ कर रे दिल्या…"

मला आठवतं की डंका चालू होता. बाकी मला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे पत्र आलं होतं, आणि पायरीवर मी त्याच्या शेजारी बसलेलो होतो. तोंडावर घेतलेला माझा हात तोवर अभिनयाचा होता, त्यानंतर तो खरा झाला, आणि सिनेमात दिसतात ते साडेचार सेकंद नेमके तिथलेच आहेत.

"कट" असा आवाज आला. खिडकीमागे टाळ्या वाजल्या. चादर हलली आणि तो नट उठून बसला, घामाने भिजलेला, डोळ्यांत पाणी आलेला. तो भला माणूस होता, त्याने आईचे पाय धरले. आई त्याच्याकडे बघत राहिली. "ह्यो कोण?" ती म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "दिल्या खंय आसा?"

"वाशीला," मी म्हणालो. "येईल संध्याकाळी."

तिने मला मारलं असतं तर मला आज लिहायला एवढं काही उरलं नसतं. तिने दोन्ही कांदे उचलले, पिशवीत टाकले आणि जिना चढून गेली.

आई काय बोलली ते डायरेक्टरला, रमणला, त्या नटाला कळलंच नाही. त्यांना मालवणी येत नव्हतं. चाळीला मात्र शब्दन् शब्द कळला होता. टिवळेकरकाकी मला म्हणाल्या, "पक्या, तू माणूस आसस की कोण?" आणि मग त्याच पावली त्या चारही मजल्यांवर दारोदार गेल्या. दिलीपच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. आमची चाळ अशी होती की कुणाच्या घरी मांजर व्यालं तर पिल्लांचे रंगसुद्धा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाठ व्हायचे. पण ही गोष्ट त्यांनी गिळली. पोरांनीसुद्धा. 

संध्याकाळी दादा आला तेव्हा आईने त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. "आज काय दसरा आहे काय?" तो हसत म्हणाला. काकी दारातून म्हणाल्या, "खोटी बातमी इली काय आयुष्य वाढता, असांदे." "कुणाची खोटी बातमी?" "गावच्या एका माणसाची," काकींनी सावरून घेतलं. आईने त्याला चार पोळ्या जास्त वाढल्या. मलाही वाढलं, नेहमीसारखं. तो हात धुवायला बाहेर गेला तेवढ्यात तिने मला एकच विचारलं. "तेंनी आवाज घेतल्यानी काय?"

"नाही गं आई. आवाज नंतर भरतात. डबिंग म्हणतात त्याला. हा आवाज टाकून देतात."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. तिने मान हलवली. त्यानंतर माझ्याशी ती कामापुरतं बोलत राहिली.

चार-पाच महिन्यांनी मला दादरच्या एका स्टुडिओत डबिंगला बोलावलं. माझी दोन वाक्यं मी नवीन शर्ट घालून पाठ करत गेलो. रमण म्हणाला, ती दोन्ही कापली, सिनेमा लांबत होता. पण शेवटचा प्रसंग आहे, त्यात तू आहेस. अंधाऱ्या खोलीत त्यांनी तो पडद्यावर लावला. आईचा आवाज आला. तोच. त्याच्यामागे डंकासुद्धा ऐकू येत होता.

"ऐसी आवाज डबिंग में नहीं आती," डायरेक्टर म्हणाला. "मैंने वही रखी है." मग त्याने मला जवळ बसवून अगदी सभ्यपणे विचारलं, "बेटा, इसमें वो बोल क्या रही हैं? कुछ घर का, निजी तो नहीं है ना? हो तो बता दो. मैं आवाज निकाल के म्युझिक डाल दूँगा."

मी पडद्याकडे बघत होतो. तिथे मी होतो, आईच्या खांद्यामागे, आणि मी फार छान दिसत होतो. आवाज काढला तर हा प्रसंग इतका लांब राहणार नाही, हे मला कळत होतं. तो अर्धा होईल, आणि त्या अर्ध्यात मी नसेन.

"नहीं सर," मी म्हणालो. "बेटे को पुकार रही है, बस."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अंगणात जे केलं ते करताना आई काय बोलेल हे मला माहीत नव्हतं, असं मला निदान म्हणता येतं. स्टुडिओत सगळं माहीत होतं. विचारणारा माणूस समोर बसला होता, थांबून विचारत होता.

सिनेमा लागला. दादाने चाळीच्या दाराशी असलेल्या फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलं आणि मॅटिनीची तिकिटं काढली. तो प्रत्येक मजल्यावर विचारत फिरला. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला म्हणे मारामारीचे सिनेमे सोसत नव्हते. दादा वर येऊन चिडून बसला. "आपल्या लोकांना कौतुकच नाही रे कुणाचं. एवढा चाळीतला पोरगा पडद्यावर येतोय."

"दादा, मी कापला गेलोय. बकवास आहे सिनेमा. नको जाऊ."

"गप. दोन सेकंद असलास तरी बघणार."

आई भात गाळत होती. तिला मी सांगितलेलं होतं की आवाज टाकून देतात.

आम्ही दोघंच गेलो. हिरो आला तेव्हा दादाने शिट्टी मारली. आमची गॅलरी, आमचा जिना दिसला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "आमची चाळ. ती तिसरी खोली." मी मध्यंतरातच पोटात दुखतंय म्हणालो. त्याने मला सोडा आणून दिला. शेवट आला. अंगण, चादर, आईची पिशवी. "आयला, आई!" दादा ओरडला. "ही कधी तयार झाली? बोलली पण नाही!" तो हसत होता. माझा हात पकडून हलवत होता. मग त्याला आपलं नाव ऐकू आलं. त्याचा हात माझ्या हातावर तसाच राहिला. गोदीचो कागद, शेगडी, पायरी. एकेक शब्द स्वच्छ येत होता. थिएटरात सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज येत होते. दादा हलला नाही. दिवे लागले, लोक उठले, झाडूवाला आला. मग तो म्हणाला, "तू जा पुढे." आणि तिकिटाच्या खिडकीवर जाऊन त्याने पुढच्या खेळाचं तिकीट काढलं. 

मी बाहेर फुटपाथवर थांबलो. तीन तास. तो परत आला तेव्हा मला बघून थांबला. आम्ही चालायला लागलो. तो म्हणाला, "त्या डायरेक्टरला मालवणी येत नसेल."

"नाही."

"तुला येतं."

पुलाखाली आलो तेव्हा त्याने विचारलं, "चादरीखाली मी आहे असं तिला कुणी सांगितलं?" मी मान खाली घातली. तो जागीच उभा राहिला. मला वाटलं आता तो मारेल, आणि देवाशपथ, मला ते हवं होतं. तो म्हणाला, "घरी गेल्यावर तू तोंड उघडायचं नाहीस. मी बोलीन."

घरी आईने ताटं मांडली होती. कोलंबीची आमटी होती, दादाची आवडती. ती वाढत होती, आमटी ताटाबाहेर सांडली. वर न बघता तिने विचारलं, "कसो होतो सिनेमा?"

दादाने पहिला घास घेतला, चावला, गिळला. "बरो होतो. तू दिसलंस गो शेवटाक. माका सांगूकसुदिक नाय."

"काय… काय बोललंय मी?"

"माका काय म्हायत? तुझो आवाज काढून टाकल्यानी. नुसता व्हायोलिन लावल्यानी. तू तोंड हलवतंस आणि व्हायोलिन वाजता." तो हसला. "सगळे हसत होते."

आई खाली बसली. "बरा झाला," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बरा झाला." आणि पातेल्यातल्या उरलेल्या कोलंब्या तिने त्याच्या ताटात वाढल्या. त्याने त्या सगळ्या खाल्ल्या. त्याची नजर माझ्यावर होती म्हणून मीही जेवलो.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. तो सिनेमा तिने कधी पाहिला नाही, टीव्हीवर लागला की दादा उठून बंद करायचा, म्हणायचा, त्या व्हायोलिनने डोकं उठतं. तिच्याशी त्याचं वागणं रतीभर बदललं नाही. माझ्याशीही नाही, हेच मला समजत नाही. माझी फी त्यानेच भरली, माझ्या लग्नात तोच नाचला. मी पुढे नट झालो नाही, बँकेत लागलो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही, ते थेट गेल्या महिन्यात. आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तो सतराव्या मजल्यावर राहतो, गुडघे गेलेत, दिवसभर खिडकीत बसून असतो. माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण मी त्याला वाचून दाखवायला गेलो. स्टुडिओतल्या खोलीबद्दलही वाचलं. ते त्याला नव्याने कळत होतं. शेवटपर्यंत ऐकल्यावर तो म्हणाला, "तुझं तू काय ते लिही. तुझं आहे ते. फक्त एक कर. तो कागद तिने जाळला असं नको. पोस्टात हरवला असं लिही. ती नाहीये आता स्वतःची बाजू सांगायला."

मी म्हटलं, "बरं, दादा."

घरी येऊन मी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी हरवला असं लिहिलं. दोन दिवस ते तसं ठेवलं. मग वाटलं, कागद हरवलाच असेल तर आई त्या चादरीवर ओणवून माफी कशाची मागत होती, हे वाचणाऱ्याला कळणार कसं, आणि माझं प्रकरण उभं राहणार कसं. मी शेगडी परत लिहिली. प्रकाशकाकडे ते तसंच गेलं आहे. दादाला मी अजून सांगितलेलं नाही.